मावशीची न लिंपलेली भिंत

काल कॉलेजच्या अंगणात माझे विद्यार्थी शेणमाती कालवत होते. त्या ओल्या वासानं मला वांगणी गावातलं, आम्ही सगळे जिला मावशी म्हणायचो तिचं घर आठवलं. आर्किटेक्चर शिकताना आमच्या सरांनी वर्गाला तिथे राहायला नेलं होतं. मावशीनं चुलीमागची कारवीच्या काड्यांची भिंत वरच्या अंगाला लिंपलीच नव्हती. "धूर जाया वाट नको का?" ती म्हणाली. सरांनी त्या फटींपुढे तळहात धरला. "घर असं राहून शिकायचं असतं," ते आम्हाला म्हणाले.

पुढे परीक्षेसाठी केलेल्या शाळेच्या इमारतीच्या डिझाइनमध्ये मी तशीच भिंत काढली. सरांनी ते चित्र वर्गात सगळ्यांना कौतुकानं दाखवलं. परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक मात्र हसले. "माती संपली वाटतं?"

मी सरांकडे पाहिलं. चष्मा पुसत ते म्हणाले, "मी तिला आधीच नको म्हटलं होतं."

सुट्टीत वांगणीला गेले तेव्हा नाचणीची भाकरी थापता थापता मावशीनं विचारलं, "तुजे सर परत कदी येतील?"

"कामात असतात," मी म्हटलं.

आज मी सरांच्या तेव्हाच्या वयाची आहे. परीक्षकांपुढची त्यांची भीती मला कळते. तरी त्यांचं नाव निघालं की मी अजून विषय बदलते.