फुललेल्या बांबूची काठी

गळ टाकणाऱ्या मंडळींनो, ही चिठ्ठी वाचनालयाच्या दाराला मुद्दाम लावतोय. आज सकाळी पाहिलं ते पोटात राहत नाही.

एक गोरा साहेब देश सोडून जाताना मला लाकडाची रंगीत मासोळी देऊन गेला होता. खरी समजून मरळीसारखा मोठा मासा तिच्यावर झडप घालतो. पण ही लाकडी मासोळी भरते छटाकभर, आणि आपली बारीक काठी तिला फेकू शकत नाही. म्हणून जाड काठी निवडायला अल्लीपूरला बांबूकाम करणाऱ्या मारोतीकडे गेलो.

त्याची रीत अशी, की मासोळी शेंड्याला बांधायची आणि झटका द्यायचा. शेंडा लवून सरळ झाला तर काठी घ्यायची.

पहिली काठी कडकन मोडली. दुसरीही मोडली. पाचवी मोडली तेव्हा मारोतीनं उरलेल्या काठ्या बाजूला सारल्या.

"काऊन रे, काय झालं?"

"गुरुजी, बांबूच्या बनाले फुलोरा आला हाये. तोडतानाच दिसलं होतं, पण मन मानत नव्हतं. फुललं का बांबू मरते. मंग त्याचे दाणे खाऊन उंदरं वाढतात, अन् मंग घरातलं धान्य फस्त करतात. माह्या आज्यानं पाह्यलं होतं. त्या साली गावात चुली पेटल्या नाई."

"बरं, एखादी जुनी काठी तरी दे."

"काठीचं सोडा, गुरुजी. घरी जाऊन धान्याची कोठी पाहा."

घरी आलो. परसातल्या बांबूच्या बेटाच्या शेंड्यांना धानासारख्या लोंब्या लटकत होत्या.

मंडळी, आपल्या गावातलं प्रत्येक बेट अल्लीपूरच्या त्याच बनातून आणलेलं आहे, आणि एका मुळाचा बांबू कुठेही लावला तरी एकाच वेळी फुलतो. तुमच्या परसातले शेंडे आज कुणी पाहिलेत का?