संगप्पा साहेबांचं सांबर

लातूर जिल्हा होऊन तीन वर्षं झाली, तरी तिथल्या साहेबलोकांची नवलाई ओसरली नव्हती. कचेरी नवी, जीप नवी आणि ऐट तर रोजच नवी. त्या साली पावसानं पाठ फिरवली होती, विहिरींनी तळ दाखवले होते. टँकरची पाहणी करायची सोडून संगप्पा साहेब दसऱ्याच्या सुट्टीत पत्नी महानंदाबाईंना घेऊन किनवटच्या डोंगरात रानजनावरं बघायला निघाले. तेही सरकारी जिपेतून.

इस्लापूरहून पुढे वाट दाखवायला वनखात्यानं लिंबाजीला दिलं. लिंबाजी खात्यात अकरा वर्षं रोजंदारीवर होता. वणवे विझवले, रोपं जगवली, लाकूडचोरांमागं धावला. कायम मात्र झाला नाही. मातीतला खूर बघून जनावर कधी गेलं आणि कुठं गेलं, हे तो सांगायचा. त्याच्यामागून आलेले, ज्यांना साग आणि सालई सारखीच, ते खाकी घालून मिरवत होते.

साहेबांचे मेहुणे वनखात्यात वरच्या खुर्चीवर. निघतानाच साहेबांनी गाजर दाखवलं, "एक जनावर दाखव, लिंबाजी. विश्रामगृहाच्या वहीत तुझं नाव घालून लिहितो. मेहुण्याला सांगितलं की झालास कायम."

जीप हॉर्न वाजवत घाट चढली. मागे महानंदाबाईंचा ट्रान्झिस्टर, चिवड्याचा डबा आणि अत्तराचा घमघमाट.

"बाईसाहेब, तेवढं गाणं बंद करा. जनावर कानानं बघतं," लिंबाजी म्हणाला.

"मग आम्ही काय मुक्यानं बसायचं?"

तीन तास एक ससासुद्धा दिसला नाही. मग एका वळणावर घाणेरीच्या झुडपांमागं तांबडी पाठ हलली.

"थांबव! सांबर!" साहेब उभेच राहिले आणि कॅमेरा खटकन वाजला.

"बैल हाय, साहेब. लालकंधारी. वैरण न्हाई म्हणून सोडून देला असंल कुणी. वशिंड दिसून राहिलंय की."

"जन्म गेला तुझा जंगलात आणि सांबर ओळखू येईना?"

तुमचा जन्म गेला बैलांच्या मुलखात, असं लिंबाजीच्या ओठांवर आलं होतं, त्यानं गिळलं. तेवढ्यात सांबर झुडपातून बाहेर आलं आणि लटपटत जिपेपाशी येऊन पाण्याच्या कॅनला तोंड लावू लागलं. नाकात तुटकी वेसण.

"अहो, सांबराला वेसण घालतात होय?" महानंदाबाईंनी विचारलं.

"तू गप्प बस."

लिंबाजीनं कॅनमधलं पाणी घमेल्यात ओतलं.

"अरे, ते पिण्याचं पाणी आहे!"

"तो बी पिऊनच राहिलाय, साहेब."

विश्रामगृहात साहेबांनी वही मागवली आणि वळणदार अक्षरात लिहिलं: 'सांबर, नर, पूर्ण वाढ झालेले. दाखवणारा लिंबाजी, अत्यंत हुशार, कायम करण्यास योग्य.' वही पुढं सरकवली. "कर सही."

लिंबाजीनं पेन घेतलं. घरी बायको पंचफुला आस लावून बसली होती. एक सही, की खाकी अंगावर. पण रानात काय उरलं, हे खातं ह्याच वहीवरून मोजायचं. दुष्काळात सांबरं कमी झालेली त्यानं डोळ्यांनी पाहिली होती. नसलेलं जनावर त्यानं आजवर कधी लिहिलं नव्हतं. त्यानं खाली लिहिलं: 'बैल होता. तहानलेला.' आणि आपलं पूर्ण नाव घातलं.

साहेबांचा चेहरा बैलापेक्षा तांबडा झाला. "मूर्खा! गेली तुझी नोकरी!"

"जायला आलती कवा, साहेब?"

पान फाडावं, तर वहीच्या पानांवर आकडे छापलेले, एक गेलं तरी कळणार. साहेब चरफडत जिपेत बसले. पुढच्या महिन्यात लिंबाजीची रोजंदारीही बंद झाली. लातुरात मात्र साहेब आल्यागेल्याला अजून सांबराची गोष्ट सांगतात. फोटो मागितला, की तो धुवायला टाकलेला असतो.