तीनशे एक्क्याण्णव मीटर चाळीस

लोटू महाजनला कापड नुसतं बघून त्याची लांबी कळते, असं सुरतेतल्या गोडादऱ्यात लोक सांगायचे. ते साफ खोटं होतं. लोटू नजरेवर कधी विसंबलाच नाही. तो मोजायचा, आणि मोजून झालं की पुन्हा मोजायचा. पारोळ्याकडून सुरतेला आल्यावर अकरा वर्षं त्यानं एका कारखान्यात लूमवरून उतरलेले कापडाचे ताके मोजून घडी घालायचं काम केलं. त्या अकरा वर्षांत त्याचा एकही ताका कमी भरला म्हणून बाजारातून परत आला नाही. शेठ सगळ्या कारखान्याला शिव्या घालायचा, पण लोटूला घालायला त्याला कारण सापडत नसे.

कारखान्याच्या धुळीनं छाती धरली तेव्हा लोटूनं ते काम सोडलं आणि पर्वत पाटियाच्या पलीकडे सरकारी मैदानावर रोजंदारीवर लागला. पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, चुन्याच्या रेघा आखायच्या. पाच वर्षं निभावली की कायम करू, असं त्याला सांगितलेलं होतं. तिथं येणाऱ्या एका म्हाताऱ्या पी.टी. मास्तरांनी त्याला ट्रॅक मोजायला शिकवलं. आतल्या रेघेपासून वीतभर बाहेरून टेप धरायचा आणि फेरी बरोबर चारशे मीटर भरली पाहिजे. सगळ्या जगात चारशेच, हे ऐकून लोटू भलताच खूश झाला. सुरतेत दर शेठचा मीटर वेगळा असतो, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

शहाण्णव साली त्या मैदानावर पाच राज्यांच्या स्पर्धा भरायचं ठरलं. प्लेगनं बदनाम झालेलं शहर आता कसं लख्ख झालंय, हे पाहुण्यांना दाखवायचं होतं. मग समित्यांचं पीक आलं. स्वागत समिती, भोजन समिती, हारतुरे समिती, बिल्ले वाटायची समिती. पळणाऱ्यांनी पळायचं कुठं, हे बघायला तेवढी समिती नेमायची राहून गेली. ते काम उपअभियंता मुकुंद सबनीस यांच्या गळ्यात पडलं. सबनीस मूळचे पुण्याचे, नोकरीत वीस वर्षं सुरतेत मुरलेले. काम तोंडी सांगायचं आणि कागदावर आपलं नाव येऊ द्यायचं नाही, या एका विद्येवर त्यांनी तीन बढत्या मिळवल्या होत्या.

स्पर्धेला आठ दिवस उरले आणि पाहुण्यांची यादी चाळिसावरून दोनशेवर गेली. साहेबांच्या बायका आल्या, मेव्हणे आले, मेव्हण्यांचे भागीदार आले. सोफ्यांच्या तीन रांगा वाढल्या आणि मंडप पसरत पसरत ट्रॅकच्या वळणावर येऊन बसला. मंडप मागे घ्यावा, असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्यापेक्षा ट्रॅक पुढे ढकलणं सोपं.

"लोटू, हे वळण जरा आत घे. चार-साडेचार मीटर. चालशे," सबनीस शेवटी गुजराती फेकत म्हणाले.

लोटूनं वळण आत घेतलं. मग टेप काढला आणि मोजलं. पुन्हा मोजलं. दोन्ही वेळा तीनशे एक्क्याण्णव मीटर चाळीस सेंटिमीटर भरलं. पाणी किती मारलं, चुना किती लागला हे जिथं रोज लिहायचं त्या रजिस्टरात त्यानं तारीख घालून तो आकडा लिहिला आणि सबनीसांकडे गेला.

"सायेब, ट्रॅक कमी शे. साडेआठ मीटरवर कमी शे."

"अरे, एवढ्या मोठ्या मैदानात आठ मीटरनं काय होतंय? कोण बघतंय?"

"पळनारा पळी ना सायेब. त्यासले कमी पडी."

"त्यांना कमी पळावं लागेल, बरंच आहे की," असं म्हणून सबनीस हसले आणि सोफ्यांचे पांढरे अभ्रे आले का ते बघायला गेले.

स्पर्धा झाल्या, आणि सुरतेची हवा अशी काही मानवली की दोन दिवसांत पाच विक्रम मोडले. भोंग्यावरून दर तासाला अभिनंदन होत होतं. बारडोलीच्या साखर कारखान्यातल्या एका फिटरची मुलगी, स्वाती, पंधराशे मीटरमध्ये जुन्या विक्रमाच्या सहा सेकंद आधी पोचली. सोफ्यांवरचे लोक उभे राहिले, तिच्या गळ्यात हार पडले, तिचा बाप हुंदके देऊन रडला. लोटू चुन्याची बादली घेऊन कडेला उभा होता. पोरगी तीसेक मीटर कमी पळालीय, हे सबनीस सोडले तर त्या गर्दीत त्याला एकट्याला माहीत होतं. त्याला टाळी वाजवता आली नाही. आपणच त्या पोरीला फसवलं, असं वाटून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण बाहेरून आलेल्या एका प्रशिक्षकाला हे विक्रमांचं पीक पचलं नाही. त्यानं ट्रॅकच्या मोजणीचा दाखला मागितला. दाखला नव्हताच. पत्रापत्री झाली, वर्तमानपत्रांनी चार दिवस खमंग लिहिलं, पाचही विक्रम रद्द झाले आणि चौकशी समिती बसली. बसली म्हणजे चार महिन्यांनी बसली. तोवर मंडप उठला होता, रेघा पाण्यानं धुऊन गेल्या होत्या आणि वळणावर गवत आलं होतं. मंडप तिथं घालायला कोणी सांगितलं, याचा कागद नव्हता. वळण आत घ्यायला कोणी सांगितलं, याचाही नव्हता. रेघा कोणी आखल्या, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

सबनीसांनी लोटूला बोलावून टाइप केलेला एक कागद पुढे केला. त्यावर एकच वाक्य होतं: मोजमापात माझ्याकडून चूक झाली.

"सही कर," सबनीस समजुतीच्या सुरात म्हणाले. "एक साधा ठपका येईल, संपलं. पाच वर्षं भरतायत ना तुझी? कायमचा कागद मी स्वतः पुढे सरकवतो."

लोटूनं विचार करायला एक दिवस मागून घेतला. घरी त्याची बायको कमल म्हणाली, "करी द्या ना सही. माप काय खावानं शे?" तिचं चूक नव्हतं. घरात लग्नाची पोरगी होती आणि लोटूच्या छातीला कारखाना परत झेपणारा नव्हता. पण या माणसाकडे जन्मभरात कमावलेलं असं एकच होतं, त्याचं माप. आणि तेच हे लोक मागत होते.

दुसऱ्या दिवशी तो समितीसमोर जाऊन म्हणाला, "माले काढी टाका. मी रेघ वाकडी आखी, असं लिखा. पन मन्हं माप चुकनं, असं लिखू नका. ते रजिस्टरमा लिखेल शे."

समितीनं रजिस्टर मागवलं, आणि मग जे केलं त्याला लाज सोडलेली अक्कलच लागते. ट्रॅक नेमका किती कमी होता, हे अहवालात लिहिणं भाग होतं आणि आता तो मोजायला जागेवर काहीच उरलं नव्हतं. म्हणून सातव्या परिच्छेदात लोटूचा आकडा जसाच्या तसा उतरवला, अगदी चाळीस सेंटिमीटरसकट. आणि अकराव्या परिच्छेदात लिहिलं की सदर कामगारास मोजमापाचं ज्ञान नाही, सबब त्यास कामावरून कमी करावं. खाली तीन सह्या. तिघांपैकी एकालाही सातवा आणि अकरावा परिच्छेद शेजारी ठेवून वाचावासा वाटला नाही.

लोटू पुन्हा कारखान्यात गेला आणि खोकत खोकत ताके मोजू लागला. सबनीस कार्यकारी अभियंता झाले आणि त्यांच्याकडे नव्या, मोठ्या क्रीडासंकुलाचं काम आलं.

वर्षभरानं एका रविवारी त्यांची जीप गोडादऱ्यात लोटूच्या दाराशी थांबली. सबनीस आत येऊन खाटेवर बसले, कमलनं दिलेला चहाही प्यायले. मग आवाज उतरवून म्हणाले, "लोटू, नवा ट्रॅक एकदा मोजून दे. आमच्या पोरांचे दोन आकडे दोन तऱ्हेचे येतायत. तुझ्या मापाचा मला भरवसा आहे. कोणाला बोलू नकोस म्हणजे झालं."

लोटूनं फळीवरचा टेप काढून हातात घेतला.

"मी येस ना सायेब," तो म्हणाला. "मांगला टाइमले मन्हं माप बरोबर व्हतं, एवढं लिखी द्या. आत्ते टेप लिसन निंघस."

सबनीसांनी कप खाली ठेवला. खिशाला पेन होतं. त्यांनी एकदा पेनाकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे पाहिलं, आणि येतो म्हणून उठले.

दिवाळीनंतर संकुलाचं थाटात उद्घाटन झालं. तिथला ट्रॅक चारशे मीटरचा आहे, असं दारावरच्या फलकावर लिहिलेलं आहे. त्या दोन आकड्यांनंतर तो पुन्हा कोणी मोजलेला मात्र नाही.