उजनीच्या पाण्यावरची मरळ

रत्नागिरीहून सकाळच्या एसटीत बसलो तेव्हा मनात थोडी धाकधूक होती. निघालो होतो मोहोळला, मुलीच्या सासरी. लग्नानंतरच्या पहिल्या जेवणाला व्याह्यांनी मुद्दाम माझ्यासाठी मरळ (तळ्यात-धरणात मिळणारा, सापासारख्या डोक्याचा मासा) आणवली होती, आणि मी पंगतीत सर्वांदेखत म्हणालो होतो, "गोड्या पाण्यातल्या माशाला चिखलाचा वास येतो." मुलगी मुग्धा माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. व्याही भगवानराव मात्र एवढंच म्हणाले होते, "एकदा पाण्यावर या आमच्या."

आषाढात त्यांचा फोन आला. आता नाही म्हणणं शक्य नव्हतं.

सांगोल्यापासून खिडकीबाहेर डाळिंबाच्या बागा आणि रस्ता अडवून चाललेली मेंढरं दिसू लागली. मोहोळला पोचेस्तोवर संध्याकाळ झाली. भगवानरावांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. हात ग्रीसने काळे, म्हणून त्यांनी मला कोपराने नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही दोघे त्यांच्या जीपमधून निघालो. टेंभुर्णीच्या पुढे महामार्ग सोडला, उसातून वाट काढली आणि समोर उजनीचं पाणी पसरलं. पलीकडचा काठ नुसती रेघ. समुद्राकाठचा माणूस असूनही मी जीपमधून उतरून आधी पाण्याकडेच चालत गेलो.

काठावर सुमनबाई होडी घेऊन उभ्या होत्या. त्या आणि त्यांचे यजमान तिथे जाळी लावतात.

"पाव्हणं कोकणातलं व्हय?" त्यांनी विचारलं. "मग त्यास्नी काय शिकवायचं."

होडीत चढताना माझा पाय गुडघ्यापर्यंत गाळात गेला आणि वर आला तो चपलेशिवाय. सुमनबाईंनी वल्ह्याने चप्पल उकरून काढली, धुऊन माझ्या हातात दिली. हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

भगवानरावांनी मला गळाची काठी दिली. दोऱ्याच्या टोकाला रबराचा बेडूक. तो पाणगवतावरून उड्या मारत ओढायचा. तासभर काही नाही. मग पाणी फुटलं आणि काठी वाकली. मी समुद्रावरच्या सवयीने जोरात खेचलं. दोरा तुटला, बेडूक गेला.

"हितं गवात लई हाय," भगवानराव शांतपणे दुसरा बेडूक बांधत म्हणाले. "हिसका न्हाय द्यायचा. दोरा ताठ ठेवा अन् हळूहळू आणा की."

दुसऱ्यांदा मी ऐकलं. मरळ गवताखाली शिरली, बाहेर आली, पुन्हा शिरली. शेवटी ती जाळीत आली तेव्हा मनगटापासून खांद्यापर्यंत भरेल एवढी होती. भगवानरावांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला.

तेवढ्यात सुमनबाई म्हणाल्या, "तितं बघा."

पाण्यावर तांबूस ठिपक्यांचा एक पुंजका वरखाली होत होता. मरळीची पिल्लं.

"पिल्लं राखत हुती म्हनून धावून आली ती," त्या म्हणाल्या. "आता दुसरं मासं फस्त करत्याल त्यास्नी."

मी भगवानरावांकडे पाहिलं. हा मासा मला खाऊ घालायचा म्हणून आठ महिने थांबलेला माणूस. ते म्हणाले, "तुमी धरलीया. तुमी म्हनाल तसं."

"सोडू या," मी म्हणालो.

त्यांनी दुकानातली पकड आणली होती. हात ओले करून त्यांनी हळूच गळ सोडवला. मी मरळ पाण्यात धरली. क्षणभर ती हातातच राहिली, मग शेपटीच्या फटकाऱ्याने माझ्या तोंडावर पाणी उडवून गेली.

दुपारी सुमनबाईंच्या चुलीपाशी त्यांच्या जाळ्यातल्या चिलापी माशाचं कालवण झालं: काळा मसाला, भरपूर लसूण, सोबत ज्वारीची भाकरी. आमच्यासारखा नारळ नाही, कोकम नाही. घाम फुटला तरी मी तीन वेळा वाढून घेतलं.

"भगवानराव, त्या दिवशी मी चुकीचं बोललो," मी म्हणालो.

"मासा आवडला न्हवं? मग झालं," ते म्हणाले आणि आपल्या ताटलीतला तुकडा माझ्याकडे सरकवला.

घरी परतलो. बायकोला दारातच गवत, बेडूक, पिल्लं, काळा मसाला सगळं सांगू लागलो. तिने थांबवलं. "मुग्धा कशी आहे, ते सांगा आधी."

मुग्धा तिथे छान रुळली आहे, हे आम्हाला फोनवरून कळतच होतं. मीही रुळू शकतो, एवढी बातमी मात्र नवी होती.