मोराची अकरा कार्डं

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात एका चादरीच्या कारखान्यात नक्षीच्या खोलीत नोकरीला होते. माढ्याहून मॅट्रिक होऊन आले होते, हात चित्रकलेत बरा होता, एवढ्यावर मला घेतलं. माझ्या वर एक मास्तर होते, विणकर घरातले, घरी तेलुगू बोलणारे, साठीला टेकलेले. आमच्याकडे आधी चौकोनांच्या कागदावर नक्षी रंगवायची आणि मग कागदाच्या एकेका ओळीसाठी पुठ्ठ्याच्या एका पट्टीला भोकं पाडायची. या पट्ट्यांना आम्ही कार्डं म्हणायचो. भोक असेल तिथला धागा माग वर उचलायचा, नसेल तिथला खाली राहायचा. शेकडो कार्डं दोऱ्यानं ओवून मागावर चढवली की चादरीवर फुलं उमटायची.

एका वर्षी मालकांनी नवे माग आणले. त्यांच्या कार्डांची भोकं बारीक, जवळजवळ. जुनी कार्डं त्यांवर चालेनात. गोदामात तर त्यांच्या थप्प्या आढ्याला टेकल्या होत्या. मालकांनी सांगितलं, महिन्याभरात गोदाम रिकामं करा, ठेवायचं ते ठेवा, बाकीचं रद्दीत घाला.

मला वाटलं, चांगल्या नक्ष्यांची कार्डं तेवढी निवडून ठेवावीत. मास्तरांना ते पटलं नाही.

"कार्ड फकस्त त्या मागालाच कळतंय, अम्मा," ते म्हणाले. "माग गेला की त्याचा काय उपयोग? कागद ठेवा. चौकोन मोजता येणारा कुणीबी नवी कार्डं पाडंल की."

पण निम्म्या नक्ष्यांचे कागद कधीच गहाळ झाले होते. म्हणून आम्ही उलटं काम सुरू केलं. मास्तर एकेक कार्ड खिडकीपाशी उजेडात धरून वाचायचे, तीन भोकं, दोन कोरे, एक भोक, आणि मी कागदावर चौकोन भरायची. रंगांसाठी त्यांच्या स्वतःच्या खुणा होत्या, दुसऱ्या कुणाला न कळणाऱ्या. मी हट्टानं प्रत्येक कागदाच्या कडेला त्यांचा अर्थ मराठीत लिहायला लागले. सुरुवातीला ते जरा नाराज झाले. चार दिवसांनी त्याच्या शेजारी स्वतःच तेलुगूत लिहू लागले.

तिसऱ्या आठवड्यात मोराची नक्षी हाती आली. ती मास्तरांच्या थोरल्या भावानं काढलेली होती. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती. थप्पी सोडली तर मधली अकरा कार्डं वाळवीनं खाल्लेली. मोराचं डोकं आणि तुरा नेमका त्यात गेला होता.

मी म्हटलं, तुम्हाला मोर काढता येतोच, तेवढा भाग भरून टाका. मास्तर म्हणाले, "काढीन की. पण मग तो माझा मोर हुईल, अण्णाचा न्हाई." त्यांनी अकरा ओळी कोऱ्या सोडायला सांगितल्या.

त्या कोऱ्या ओळी माझ्यानं बघवेनात. ती नक्षी कुणाच्या घरी चादरीवर असेलच की, असं मी दोन-तीनदा म्हटल्यावर त्यांनी सांगितलं, की भावाच्या बायकोकडे आहे. पण घराच्या वाटणीवरून दोन घरांत बोलणं बंद होतं. तिचं दार चार घरं सोडून, आणि त्या दारात ते आठ वर्षांत गेले नव्हते.

रविवारी आम्ही दोघं गेलो. मास्तर उंबऱ्याबाहेरच थांबले. मग हळूच म्हणाले, "वदिना." त्यांच्यात वहिनीला असंच म्हणतात. म्हातारीनं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि आत पाट मांडला.

चादर तिच्या रोजच्या अंथरुणात होती, धुऊन धुऊन विरलेली. ती न्यायला द्यायला ती तयार नव्हती, म्हणून आम्ही तिथंच बाजेवर पसरून भिंगानं धागे मोजायला बसलो. एका ठिकाणी चादर रफू केलेली होती आणि आमचा मेळ बसेना. तेव्हा म्हातारी पुढं सरकली. ती सगळी कार्डं लग्नानंतरच्या वर्षी तिनंच दोऱ्यानं ओवली होती. तुऱ्याच्या कार्डांत शेवटची भोकं दोन-दोन सोडून होती, तिच्या बोटांना ते आठवत होतं. ती तेलुगूत सांगत होती आणि मास्तर मला मराठीत. अधूनमधून ते सांगायचं विसरत आणि दोघं आपसातच बोलत राहत. मी पेन्सिल धरून थांबायची.

संध्याकाळपर्यंत अकरा ओळी भरल्या. कागदाच्या खाली मास्तरांनी भावाचं नाव लिहिलं. म्हातारीनं बोट ठेवून काहीतरी सांगितलं, तेव्हा त्याखाली तिचंही लिहिलं.

मालकांनी ती नक्षी लगेच काही विणली नाही. गिऱ्हाइकांना तेव्हा मोठी फुलं हवी होती. पुढं लग्न होऊन मी जेऊरला गेले. माझ्या जागी आलेल्या मुलीनं काही वर्षांनी पत्र पाठवलं, की मोर नव्या मागावर चढलाय, आणि कडेला लिहिलेलं वाचून तिनं एकटीनं कार्डं पाडली. मास्तर तोवर नोकरीतून मोकळे झाले होते. पहिली चादर ती त्यांच्या घरी घेऊन गेली, तर ते वहिनीकडे जेवायला गेले होते.