मॅटची मागची बाजू

आमच्या घरात डायनिंग टेबल आलं ते जावयाच्या निमित्तानं. तोवर आम्ही जन्मभर जमिनीवर मांडी घालून जेवलो आणि कुणाचं काही अडलं नाही. पण पोरीचं लग्न झाल्यावरची पहिली दिवाळी. दिवाळसणाला अकोल्याहून जावई, व्याही आणि विहीणबाई असे तिघंही अमरावतीला यायचे होते. विहीणबाईंचे गुडघे दुखतात. बायकोनं फर्मान काढलं, टेबल पाहिजे. टेबल आलं, आणि टेबल आलं म्हणून त्यावर मॅट आले. त्या मॅटांनी माझी जी शोभा केली ती आठवली की अजूनही जेवताना घास अडकतो.

टेबल मॅट म्हणजे ताटाखाली घालायचं कापड. ताटाला आसन म्हणा. असले मॅट मी स्वतः करतो, हे मात्र तेव्हा आमच्या घराच्या चार भिंतींबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होतो. हात कायम ग्रीसमध्ये. निवृत्त झालो तेव्हा पोरीचं लग्नही आटोपलं होतं आणि घर खायला उठत होतं. बायकोनं ब्लाउजवर नक्षी काढायला म्हणून एक कॉम्प्युटरची भरतकाम मशीन घेतली होती. ती सारखी धागा तोडायची. मी उघडली, साफ केली, जुळवली. मग चालते का बघावं म्हणून एक फूल काढलं. फूल बरं निघालं म्हणून पान काढलं. पुढं बायकोचा खांदा धरला, तिनं मशीनवर बसणं सोडलं आणि माझं बसणं वाढलं. दिवाळीच्या आधी कॉलनीतल्या बायका ऑर्डर देऊ लागल्या. त्यांना दोन्ही बाजूंनी वापरता येतील असे मॅट हवे असायचे. वर पणत्या आणि रांगोळी सणासाठी, उलटवलं की साधी वेलबुट्टी रोजच्यासाठी.

भरतकामाची मागची बाजू कधीच बघण्यासारखी नसते, धाग्यांचा नुसता पसारा असतो. त्यामुळं दोन कापडं वेगवेगळी भरायची, दोन्हींच्या चांगल्या बाजू आत तोंडाला तोंड लावून कडेनं शिवायची, हात जाईल एवढी फट ठेवायची आणि तिच्यातून सगळं उलटून बाहेर काढायचं. कोपरे मी बोथट स्क्रू-ड्रायव्हरनं बाहेर काढतो. इतके टोकदार कोपरे अमरावतीत दुसऱ्या कुणाचे निघत नसतील. एवढा गर्व मला होता, आणि तरी गिऱ्हाईक आलं की मी मशीनवर खोळ टाकून पेपर उघडायचो. मॅट बायको दाखवायची, वाहवा बायको घ्यायची.

त्यालाही कारण होतं. आमच्या चहाच्या ठेल्यावर जुन्या फिटरांची मंडळी जमते. त्यातल्या एकानं बायकोला पापड लाटू लागल्याची बातमी फुटली, तर त्याला महिनाभर वहिनी म्हणत होते. मशीनवर बसून शिंपी कपडे शिवतो तो धंदा झाला. घरी बसून पणत्या नि मोर काढणारा फिटर म्हणजे त्यांना दिवाळीआधीच दिवाळी. त्या पापडवाल्याला मीही मोठ्यानं हसलो होतो. तेव्हा अळीमिळी गुपचिळी. पोरीलाही आम्ही सांगितलं नाही. तिला वाटायचं, आई करते.

दिवाळीला आठवडा राहिला असताना बायको भावाकडं चांदूर रेल्वेला गेली. मी म्हटलं, व्याह्यांसाठी असे मॅट करतो की अकोल्यात नाव निघालं पाहिजे. वरच्या बाजूला मरून कापडावर पणत्या काढल्या. मागच्या बाजूला काही जमेना. घरातलं कापड पातळ होतं. अस्तराचं कापड बायको कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवते, तिथं शोधता शोधता एक साडी हाताला लागली. मोरपंखी रंग, अंगानं भरदार, काठावर विणलेल्या कोयऱ्या. घडी मोडलेली नव्हती. मला वाटलं, कुठल्या तरी लग्नात आलेली आहेराची साडी असेल, नेसायची नसेल म्हणून खाली टाकली. बायकांच्या साड्यांमध्ये मला लाल आणि हिरवी एवढंच कळतं. कात्री लावली. कोयऱ्यांचा काठ तर मुद्दाम जपून कापला आणि मॅटांच्या कडेला बसवला, की उलटी बाजूही सुलटीपेक्षा कमी वाटू नये.

पाडव्याच्या दिवशी सकाळी बायको कपाट उपसत होती. "अवो, माह्यी मोरपंखी साडी पाह्यली का? आज नेसाची होती मले."

मी टेबलावर मॅट मांडत होतो. पणत्यांची बाजू वर. "मले काय मालूम तुह्या साड्या," म्हटलं, आणि तिला बजावलं की टेबलाला हात लावू नको, मी मनासारखं मांडलंय. ती दुसरी साडी नेसली. माझ्या डोक्यात तेव्हाही उजेड पडला नाही.

पाहुणे आले. विहीणबाईंनी बसल्या बसल्या मॅटवरून हात फिरवला. "बाई वो, काय हात आहे ईनबाई तुमचा! मशीनचं काम हाय असं वाटूनच नाई राहिलं." बायको ओशाळं हसली आणि माझ्याकडं बघितलं. मी जावयाला पाटवड्या वाढत होतो. मनातून मला इतकं बरं वाटलं की मी जरा जास्तच रस्सा वाढला. तो सांडला. लाल तेलकट तर्री मॅटवर पसरली, जावई गोरामोरा झाला. तेवढ्यात पोरगी पुढं झाली. तिला माहेरची हुशारी दाखवायची हौस आली होती. "काही नाई होत, आईचे मॅट दोन्हीकून चालतात," म्हणत तिनं ताट उचललं, मॅट पुसला आणि उलटा करून ठेवला. मग सासूचं ताट उचलून तिचाही उलटवला. "पाहा मामी, मांगूनही कसा आहे."

विहीणबाई पाहात राहिल्या. त्यांनी काठावरच्या कोयरीवर बोट ठेवलं. मग बायकोकडं बघितलं, तिच्या अंगावरच्या दुसऱ्या साडीकडं बघितलं.

"हे त मी तुमाले ओटी भरून देल्ली होती थे साडी होय," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

मला तेव्हा कळलं. लग्नात विहिणीनं विहिणीची ओटी भरून मानाची साडी दिलेली. ती आम्ही कापली आणि तिच्यावर खरकटी ताटं ठेवली. तीही देणारीच्याच ताटाखाली, पोरीच्या पहिल्या दिवाळसणाला. पोरीचा चेहरा उतरला. तिला याच बाईच्या घरात जन्म काढायचा होता.

बायकोला सगळं एका क्षणात कळलं असणार. ती माझ्याकडं बघू शकली असती. बघितलं नाही. तिनं विहीणबाईंपुढं दोन्ही हात जोडले. "माह्याकून चूक झाली. कपाटात कोणती साडी कुठं ठेवली याचा मेळच नाई लागला मले. माफ करा." मी तिचं बोलणं पूर्ण होऊ दिलं. हातात रश्श्याचं पातेलं धरून उभा होतो, जसं काही ते खाली ठेवायला जागाच नव्हती.

विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा कुठं माझ्या तोंडून निघालं, "तिनं नाई, म्या कापली. मॅट मीच करतो."

 मग व्याही मोठ्यानं हसले. "वा ईवाई! बायकोची चूक अशी अंगावर घ्या लागते. शिक रे बावा," ते जावयाला म्हणाले, "याले म्हणतात माणूस." जावई हसला, पोरगी सुटल्यासारखी हसली, विहीणबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि त्यासुद्धा हसल्या. "जाऊ द्या ईनबाई, साडीच त होय. असा नवरा भेटाले नशीब लागते."

मशीन बाजूच्याच खोलीत होती. खोळ काढून सुई ओवली असती, एक पान काढून दाखवलं असतं, तर कुणाला शंका उरली नसती. पण ते हसू इतकं सोयीचं होतं. पोरीचं निभावलं, व्याह्यांनी पाठ थोपटली, आणि मीही हसलो. बायकोनं पुरणपोळीवर तूप वाढलं. माझ्या पोळीवरही वाढलं, नेहमीइतकंच.

पाहुणे गेल्यावर तिनं ते मॅट धुतले, वाळवले, घडी करून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवले. भांडली असती तर मी तिची समजूत काढली असती. ती फक्त म्हणाली, "एक धागा ओवून दाखवला असता त काय झालं असतं?" मी म्हटलं, खरं बोललो तरी कुणी ऐकलं नाही, त्याला मी काय करू. बोलताना माझं मलाच ते पचलं नाही.

संक्रांतीच्या आधी अकोल्याहून फोन आला. आमचे मॅट पाहून विहीणबाईंनीही मशीन घेतली होती. हळदीकुंकवाला वाण म्हणून मॅट द्यायचे होते आणि काम अडलं होतं. बायकोनं फोन स्पीकरवर टाकला.

"ईनबाई, खालचा पांढरा धागा वरतं दिसून राहिला वो. काय करू?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्या कानाशी कुजबुजलो, वरच्या धाग्याचा ताण कमी कर म्हणावं. तिनं सांगितलं. "थो कुठून कमी करतात?" मी पुन्हा कुजबुजलो. तिनं पुन्हा सांगितलं. "बॉबिनच्या स्क्रूले हात लावू का?" मी घाईघाईनं मान हलवली, नको, नको. बायको माझ्या मानेकडं बघत राहिली. मग तिनं फोन माझ्या हातात दिला आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

"हॅलो? ईनबाई? हॅलो?"

फोन ठेवून देता आला असता. तो विचार माझ्या मनात आलाही. "त्या स्क्रूले हात लावू नका," मी म्हटलं. "वरचं ताणाचं चाक हाय, थे थोडं ढिलं करा. मंग फालतू कापडावर एक पान काढून पाहा."

पलीकडं मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. मग थांबला.

"जमलं," विहीणबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे थे मॅट खरंच तुमी केले होते."

"हो."

"साडीबी तुमीच कापली."

"मीच."

मला वाटलं आता हसतील. त्या हसल्या नाहीत.

"मंग ईवाई, तिले माह्यापुढं हात काहून जोडू देल्ले?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. फोन अजून स्पीकरवरच होता.