मुहूर्ताचं घड्याळ

बुलढाण्याच्या कचेरीत मी कारकून म्हणून लागलो, तेव्हा आमच्या उंद्रीत मनगटी घड्याळ कोणाकडेच नव्हतं. घरी कापूस बरा पिकायचा, म्हणून वडिलांनी माझी हौस पुरवली. खामगावच्या दुकानदारानं जाड, दणकट निकेलचं घड्याळ पुढे केलं. मी मात्र सोन्याच्या कडेचं, पातळ विलायती घड्याळ उचललं. बाहीखालून ते कसं दिसतं, हे त्याच्याच आरशात चारदा पाहिलं.

"रोज दिवेलागणीले किल्ली द्या," त्यानं बजावलं. "विसरलात तर बंद पडन."

त्याच उन्हाळ्यात चुलत बहिणीचं लग्न निघालं. मुहूर्त सकाळी साडेदहाच्या सुमाराचा. गावचे म्हातारे जोशी उजाडल्यापासून पाण्याच्या घंगाळाशी बसले होते. बुडाला भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यात सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका झाली. साऱ्या गावाची लग्नं त्यांनी अशीच लावली होती.

मी वऱ्हाडासमोर बाही वर सारली. "महाराज, कायले वाट्या बुडवता? वेळ सांगा, मी मिनिटावर हाक देतो."

मंडळी हसली. जोशांनी वेळ सांगितली आणि वाटी मुकाट्यानं उपडी ठेवली.

दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. थोड्या वेळानं पाहिलं, तरी दहा वाजून दहाच. कानाशी धरलं, आवाज नाही. आदल्या दिवशी पाहुण्यांच्या गडबडीत किल्ली द्यायची राहून गेली होती. मांडवामागे जाऊन मी किल्ली दिली, अंदाजानं काटे पुढे सारले आणि परत येऊन ओरडलो, "झाली वेळ!"

अक्षता पडल्या. पण मांडवाच्या मेढीची सावली पाहून एक म्हातारा बोललाच, "मुहूर्त टळला काय हो?"

काका जोशांवर उखडले. "महाराज, तुमचं गणित चुकलं!"

जोशांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घातली.

"चुकलं असन," ते म्हणाले.

पुढच्या लग्नसराईपासून गावानं चिखलीचे जोशी बोलवायला सुरुवात केली. दोन वर्षांनी मी म्हाताऱ्या जोशांच्या घरी गेलो. तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले, "किल्ली देतानी पाह्यलं होतं मी तुमाले."

"मग बोलले काऊन नाही?"

"नवरी बोहल्यावर उभी होती, बापू. तिच्यासमोर सांगू, का मुहूर्त गेला म्हणून?"

मी पाया पडलो. काकांना खरं सांगतो, असं म्हणालो. ते नुसते "हाव" म्हणाले.

काका त्यानंतर वीस वर्षं जगले. कित्येकदा आम्ही एका पंगतीला जेवलो. मी सांगितलं नाही.